अंगावर ये की

फेब्रुवारीचा दुसरा-तिसरा आठवडा आला की आमच्या जुन्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एनबीएच्या ऑल-स्टार गेमच्या क्लिपा यायला लागतात आणि दरवर्षी तीच चर्चा सुरू होते, की हा काय खेळ आहे का, कोणी कोणाला अडवतच नाही, नुसतं इकडून तिकडे पळायचं आणि लांबून बॉल टाकायचा. २०२४ ला इंडियानापोलिसमध्ये ईस्टने म्हणजे पूर्वेकडच्या टीममधल्या खेळाडूंनी २११ आणि वेस्टने म्हणजे पश्चिमेकडच्यांनी १८६ पॉइंट केले. एका टीमने दोनशेच्या वर पॉइंट करायची ही या गेमच्या इतिहासातली पहिलीच वेळ होती, आणि त्या दिवशी ग्रुपवर एकाने लिहिलं की आपल्या ग्राउंडवर सकाळी चालायला येणारी माणसंसुद्धा यापेक्षा जास्त डिफेन्स करतात. बाकीच्यांनी खाली हसरे चेहरे टाकले. मी काहीच लिहिलं नाही. मला जे लिहायचंय ते ग्रुपवर मावणारं नाही, आणि त्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला ते माहीत आहे, आम्ही ते कधी एकमेकांशी बोललो नाही इतकंच.

ज्यांचा बास्केटबॉलशी फारसा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एनबीए म्हणजे अमेरिकेतली प्रोफेशनल लीग, तिचा सीझन ऑक्टोबरला सुरू होतो आणि मधे फेब्रुवारीत काही दिवस सुट्टी असते, त्या सुट्टीत सगळ्या टीममधले सगळ्यात भारी खेळाडू निवडून त्यांचा आपापसात एक सामना लावतात. सुरुवातीला कोर्टवर कोण उतरणार हे बऱ्याच प्रमाणात प्रेक्षकांच्या मतांवर ठरतं. पहिला सामना झाला २ मार्च १९५१ ला बोस्टन गार्डनमध्ये. त्या वर्षी तिकडे कॉलेज बास्केटबॉलमध्ये पैसे घेऊन पॉइंट कमी-जास्त करायचं मोठं प्रकरण बाहेर आलं होतं, लोकांचा खेळावरचा विश्वासच उडाला होता, तेव्हा लीगची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या हॅस्केल कोहेन यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि बोस्टन सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन म्हणाले की तोटा झाला तर मी भरतो. तोटा व्हायची वेळच आली नाही, दहा हजारांवर माणूस आला. या सामन्याच्या निकालाने पॉइंट टेबलवर काहीही हलत नाही. आपल्याकडे जत्रेच्या पोस्टरवर कबड्डीच्या खाली 'प्रदर्शनीय सामना' असं लिहिलेलं असायचं ना, तसंच ते.

मी या सगळ्या ऑल-स्टार गेममधला एकच पुन्हा पुन्हा बघतो. ९ फेब्रुवारी १९९२, ऑर्लँडो, फ्लोरिडा. २०११ साली कोथरूडमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हा ऑफिसमधून आल्यावर रात्री यूट्यूबवर काहीतरी जुनं शोधता शोधता तो सापडला, रंग उडालेलं रेकॉर्डिंग, खेळाडूंच्या चड्ड्या आत्तापेक्षा आखूड, कॉमेंट्रीच्या मागे सतत एक घरघर. मॅजिक जॉन्सन कोण हे मला माहीत होतं, त्याला काय झालं होतं तेही माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि त्याला त्या कोर्टवर पळताना बघणं वेगळं.

तीन महिने आधी, ७ नोव्हेंबर १९९१ ला, लॉस एंजेलिस लेकर्सच्या या माणसाने पत्रकारांना बोलावून सांगितलं की मला एचआयव्हीची लागण झाली आहे आणि मी आजपासून खेळायचं थांबवतोय. वय बत्तीस. दोन महिन्यांपूर्वी लग्न झालेलं, बायको गरोदर. सहा फूट नऊ इंच उंचीचा, पाच चॅम्पियनशिप जिंकलेला, एवढ्या उंचीचा माणूस सहसा रिंगखाली उभा असतो पण हा बॉल घेऊन पुढे यायचा आणि बघायचा एकीकडे अन पास द्यायचा भलतीकडे. त्या काळात ही बातमी ऐकून लोकांनी एकच अर्थ काढला की आता हा वर्षा-दोन वर्षांत जाणार. आज आपण ज्याला एआरटी म्हणतो ती एकत्र औषधांची उपचारपद्धती १९९६ च्या आसपास आली, म्हणजे तेव्हा तिचा पत्ताच नव्हता.

पण ऑल-स्टारच्या मतपत्रिकेवर त्याचं नाव होतं आणि लोकांनी त्याला भरभरून मतं दिली, त्या सीझनमध्ये एकही मॅच न खेळलेल्या माणसाला! कमिशनर डेव्हिड स्टर्न म्हणाले खेळू दे. आणि मग कुजबुज सुरू झाली. काही खेळाडू उघडपणे बोलले, त्यात त्याच्याच टीममधले जुने सहकारीसुद्धा होते, की त्याने खेळू नये, त्याला खरचटलं तर काय, आपल्याला खरचटलं तर काय. त्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला ऑलिंपिक होतं तर ऑस्ट्रेलियाच्या बाजूने एका डॉक्टरने आधीच सांगून टाकलं होतं की आपल्या पोरांनी त्याच्याविरुद्ध खेळू नये. घामातून हा विषाणू जात नाही, हात लावल्याने जात नाही, हे डॉक्टरमंडळी तेव्हाही सांगतच होती. पण भीतीला ते ऐकू येत नव्हतं.

वेस्टकडून गोल्डन स्टेट टीमचा टिम हार्डवे सुरुवातीला उतरणार होता, त्याने आपली जागा मॅजिकला दिली. मॅजिकचं नाव पुकारलं तेव्हा पब्लिक उठून उभं राहिलं आणि टाळ्या थांबेचनात. मग समोरच्या टीममधून आयझेया थॉमस चालत आला. हे दोघं जुने मित्र, १९८८ च्या फायनलमध्ये एकमेकांविरुद्ध खेळताना मॅच सुरू व्हायच्या आधी एकमेकांच्या गालाचं चुंबन घ्यायचे, त्यावरून तेव्हा लोकांनी बरंच तोंडसुख घेतलं होतं. आयझेयाने येऊन त्याला मिठी मारली आणि त्याच्यामागे ईस्टची अख्खी टीम एकेक करून आली. मायकल जॉर्डनसुद्धा. मॅच सुरू व्हायच्या आधीच समोरच्या टीमने येऊन मिठ्या मारल्या, कॅमेऱ्यासमोर, सगळ्या जगासमोर. १९९२ मध्ये!

१९९२ काय होतं हे आपल्याकडच्या गोष्टीवरून सांगतो. गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाचा एक तरुण होता, तो रक्तदान करायचा, त्या रक्तावरून त्याला एचआयव्ही असल्याचं निघालं आणि १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले. गुन्हा काही नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती की अशा माणसाला वेगळं ठेवायचं. एका बंद पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये त्याला ६४ दिवस एकट्याला ठेवलं. त्याची आई लुसी डिसोझा हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापुढे गेली, तो घरी आला, पण कोर्टाने कायदा बरोबरच ठरवला. सुटल्यावर तो गप्प बसला नाही, लोकांसमोर उभा राहून बोलत राहिला, आणि मे १९९२ मध्ये मुंबईत वारला. ऑर्लँडोच्या मॅचनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी. मी जेव्हा जेव्हा त्या मिठ्या बघतो तेव्हा मला ते सॅनेटोरियम आठवतं, जे मी कधी बघितलेलं नाही.

आणि मग आमचा दादा आठवतो.

मी सांगलीचा. आमचं ग्राउंड म्हणजे सिमेंटचं कोर्ट, दोन्ही बाजूला लोखंडी खांब, लाकडी बोर्ड पावसाने फुगलेले, एका रिंगला जाळी नाही. संध्याकाळी साडेपाचला मोठी पोरं खेळायची आणि आम्ही लहान पोरं बाहेर गेलेला बॉल आणून द्यायचो, त्यातून कधी कोणी कमी पडलं तर आत घ्यायचे. दादा माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठा. त्याला सगळे दादाच म्हणायचे, त्याच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहायचा, तिथून थेट सायकलवर ग्राउंडला, त्यामुळे त्याच्या नखांच्या कडा कायम पिवळ्या असायच्या आणि तो खेळला की बॉललासुद्धा हळदीचा वास यायचा. हे खोटं वाटेल पण खरं आहे, मी डोळे मिटून सांगितलं असतं की हा बॉल आत्ता दादाच्या हातात होता.

पास असा द्यायचा की आपण आपल्या नादात असायचो आणि बॉल थेट छातीवर यायचा. मला डिफेन्स त्यानेच शिकवला. पहिल्यांदा मला त्याच्यासमोर उभं केलं तेव्हा मी घाबरून चार पावलं लांब उभा राहिलो, तर तो ड्रिबल करत थांबला आणि म्हणाला, "लांबनं काय बघतोस, अंगावर ये की." मी एक पाऊल पुढे गेलो. "अजून ये." त्याने माझा हात धरून स्वतःच्या कमरेवर ठेवला, "हितं हात पाहिजे. आणि माझ्या डोळ्याकडं बघू नको, डोळं खोटं बोलत्यात. कंबरंकडं बघ." मग तो माझ्या अंगावरून गेला, मी आपटलो, गुडघे फुटले, त्याने उठवलं आणि परत म्हणाला, ये. दोन वर्षं हे चाललं. ज्या दिवशी मी पहिल्यांदा त्याचा बॉल काढून घेतला त्या दिवशी त्याने मला एसटी स्टँडसमोर भेळ खायला घातली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या माणसाला सांगत होता की या पोरानं आज मला लुटलं.

१९९९ च्या पावसाळ्यात त्याला ताप आला तो उतरेना, वजन उतरलं. कुठल्यातरी लॅबमध्ये रक्त तपासलं. रिपोर्ट त्याच्या हातात पडायच्या आधी गावात पोचला होता. कसा झाला असेल यावर कट्ट्याकट्ट्यावर चर्चा झाली. हे विचारायचं कोणाला काहीच कारण नव्हतं, पण सगळे तेवढंच विचारत होते. त्याला बरं आहे का हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही.

थोडा बरा झाल्यावर तो पुन्हा ग्राउंडला यायला लागला. कोणी त्याला ये म्हणालं नाही आणि येऊ नको असंही म्हणालं नाही. तो आला की पाच-दहा मिनिटांत कोणाला अभ्यास आठवायचा, कोणाला दळण आणायचं असायचं, कोर्ट रिकामं व्हायचं. मग तो पायरीवर बसायला लागला. मग यायचा बंद झाला.

आमच्याकडे दरवर्षी २६ जानेवारीला 'जुने विरुद्ध नवे' अशी मॅच असायची. सकाळी झेंडावंदन, मग जिलेबी, मग दहाच्या सुमारास मॅच, ग्राउंडच्या चारी बाजूला गर्दी, बायकापोरं, रिटायर झालेले सर, जुन्यांमध्ये पोट सुटलेले बँकवाले आणि नव्यांमध्ये आम्ही. आमचा ऑल-स्टार गेमच म्हणा तो. निकाल कोणी लक्षात ठेवत नसे. दादा दरवर्षी जुन्यांचा कॅप्टन. २००० सालच्या यादीतसुद्धा त्याचं नाव होतं, कारण ते खोडायची कोणाची हिंमत नव्हती, आणि त्याला बोलवायलाही कोणी गेलं नव्हतं. तो आपला आपण आला. कॅनव्हासचे बूट धुऊन त्यावर खडू घासून पांढरेशुभ्र केलेले, शर्ट इस्त्रीचा, सायकल भिंतीला लावली. भिंतीपाशी माठ होता, त्यावर नेहमीचे दोन स्टीलचे ग्लास, आणि त्यांच्यापासून हातभर लांब एक प्लास्टिकचा कप वेगळा ठेवलेला होता. कोणी ठेवला मला आजही माहीत नाही. मी विचारलंही नाही. त्याने तो बघितला, हे मात्र मी बघितलं.

सरांनी नेहमीसारखंच सांगितलं, "मॅन-टू-मॅन खेळायचं," आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू दादाला घे." दरवर्षी मीच घ्यायचो.

पहिला बॉल घेऊन तो आला. मी सहा-सात फूट लांब उभा. तो सरळ आत गेला, लेअप, दोन पॉइंट, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा तसंच. आमच्यातलं कोणीच मधे येत नव्हतं, तो आला की वाट मोकळी व्हायची, बाजारातून बैल जाताना माणसं कशी बाजूला होतात तशी. आणि टाळ्या जोरात, नेहमीपेक्षा जोरात. तिसऱ्यांदा तो फ्री थ्रोच्या रेषेच्या जरा मागे थांबला. बॉल एका हाताखाली, सिमेंटवर टप, टप, टप. माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाला, "ये की."

रागावलेला नव्हता. शिकवताना म्हणायचा तसंच म्हणाला. मी त्याच्या कमरेकडे बघितलं, त्यानेच शिकवल्याप्रमाणे, आणि मग माझी नजर त्याच्या मनगटावर गेली, तिथे एक छोटीशी खपली होती, सायकलची चेन बसवताना वगैरे लागतं तशी, वाळलेली, काळी पडलेली. मी सोळा वर्षांचा होतो. शाळेत आम्हाला सांगितलं होतं, एसटी स्टँडच्या भिंतीवर लिहिलेलं होतं की स्पर्शाने होत नाही, एका ग्लासात पाणी प्यायल्याने होत नाही, मी ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले असते. माझा पाय पुढे पडला नाही. टप, टप, टप. किती वेळ ते माहीत नाही, तीन सेकंद असतील. मग त्याने तिथूनच हलकेच बॉल टाकला, आत गेला, आणि त्यानंतर तो एकदाही बास्केटकडे गेला नाही, बॉल आला की दुसऱ्याला पास, आला की पास. हाफ टाइमला सगळे माठाकडे गेले तेव्हा तो सायकलकडे गेला. शेवटी हात मिळवायची वेळ त्याने आमच्यावर येऊच दिली नाही.

आता परत ऑर्लँडोला येतो, कारण त्या मॅचचं सगळे जण मिठ्यांसाठी कौतुक करतात आणि मी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा बघत होतो तेव्हा मलाही मिठ्यांबद्दलच वाचून माहीत होतं. शेवटच्या दोन-अडीच मिनिटांबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. वेस्ट चाळीसएक पॉइंटने पुढे, मॅच कधीच संपलेली. आणि आयझेया बॉल घेऊन मॅजिकसमोर येतो, बाकीचे बाजूला होतात, वन-ऑन-वन. पायांमधून ड्रिबल, डावीकडून उजवीकडे, खांदा पाडतोय, त्याला चकवायला बघतोय, अगदी जीव तोडून. मॅजिक वाकून, हात पसरून त्याच्यासमोर. आयझेयाचा शॉट रिंगला लागतसुद्धा नाही, एअरबॉल, पब्लिक वेडं होतं. मग पुढच्या वेळी जॉर्डन. मायकल जॉर्डन, तेव्हा जगात त्याच्याएवढा कोणी नव्हता, तो मॅजिकला अंगावर घेतो आणि त्याचाही शॉट चुकतो. मग मॅजिककडे बॉल, आता आयझेया डिफेन्सला, आयझेया सहा फूट एक इंचाचा, तरी त्याच्या अंगाला चिकटलेला, हात वर करून तोंडासमोर. मॅजिक थ्री पॉइंटच्या रेषेबाहेरून त्याच्या डोक्यावरून बॉल टाकतो. आत.

१४.५ सेकंद शिल्लक होते. ते खेळले गेलेच नाहीत. सगळे कोर्टवर आले, परत मिठ्या, मॅच तिथेच संपली. १५३-११३. मॅजिकचे २५ पॉइंट, ९ असिस्ट, बारापैकी नऊ शॉट आत आणि थ्री पॉइंटर तीनपैकी तीन, एमव्हीपी म्हणजे मॅचचा सर्वोत्तम खेळाडू तोच. मिठ्यांमुळे लवकर संपलेली ही पहिलीच मॅच असेल असं तो नंतर म्हणाला.

मी त्या रात्री लॅपटॉप बंद केला आणि बराच वेळ खोलीतच बसून राहिलो. मिठी मारणं सोपं असतं असं मी म्हणत नाही, १९९२ मध्ये तर नक्कीच नव्हतं. पण मिठी एका क्षणाची असते, माणूस मन घट्ट करून ती मारू शकतो. अंगावर येऊन अडवायचं म्हणजे त्या माणसाचा घाम तुमच्या हाताला लागणार, त्याचं कोपर तुमच्या बरगडीत बसणार, त्याचा श्वास तुमच्या तोंडावर येणार, आणि हे सगळं विसरून तुमचं लक्ष फक्त बॉलवर पाहिजे. आयझेया आणि जॉर्डनने त्याला दया म्हणून एक बास्केट दिलं असतं तर टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या. त्यांनी त्याला हरवायचा प्रयत्न केला. आम्ही दादाला सहा पॉइंट फुकट दिले आणि वर टाळ्या वाजवल्या.

म्हणून मला आत्ताच्या ऑल-स्टार गेममध्ये कोणी कोणाला अडवत नाही याचं वाईट वाटतं. खेळाडूंचीही बाजू आहे हे मला समजतं, सीझन मोठा असतो, शरीर म्हणजेच कमाई, प्रदर्शनीय मॅचमध्ये गुडघा गेला तर कोण जबाबदार. लीगनेही सगळे उपाय करून बघितले, २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तर चार टीम करून चाळीस पॉइंटपर्यंतच्या छोट्या मॅच लावल्या. पण ज्या वेळी त्या कोर्टवर काहीतरी खरं घडलं त्या प्रत्येक वेळी कोणीतरी कोणालातरी मनापासून अडवत होतं. २००३ मध्ये अटलांटाला, तारीख पुन्हा ९ फेब्रुवारीच, जॉर्डनची शेवटची ऑल-स्टार मॅच होती. व्हिन्स कार्टरने त्याच्यासाठी सुरुवातीची जागा सोडली, पण एकदा मॅच सुरू झाल्यावर नव्या पोरांनी त्याला काही सोडलं नाही, सत्तावीस शॉटपैकी त्याचे नऊच आत गेले. ओव्हरटाइममध्ये पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ उरलेला असताना त्याने शॉन मॅरियनच्या हातावरून मागे झुकत जो शॉट मारला, तो मॅरियनचा हात तिथे होता म्हणूनच एवढा सुंदर दिसतो. आणि त्यानंतरही वेस्टने हार मानली नाही, कोबी ब्रायंटने फ्री थ्रोवर बरोबरी केली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ईस्ट हरलं. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला जिंकू द्यायचं होतं. मला तसं वाटत नाही.

२०२० ला शिकागोमध्येही तसंच. कोबी ब्रायंट आणि त्याची मुलगी जियाना हेलिकॉप्टर अपघातात जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, एक टीम त्याचा २४ नंबर घालून उतरली आणि दुसरी जियानाचा २ नंबर. शेवटच्या क्वार्टरला घड्याळच बंद, पुढे असलेल्या टीमच्या स्कोअरमध्ये २४ मिळवून जो आकडा होईल तिथे जो पहिला पोचेल तो जिंकला. आणि अचानक सगळे खरं खेळायला लागले. काइल लॉरी तर जेम्स हार्डनच्या मधे उभं राहून अंगावर धडक घेत होता, ऑल-स्टार गेममध्ये चार्ज! १५७-१५५. गेलेल्या माणसाला कसं आठवायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं.

दादा २००३ च्या पावसाळ्यात गेला. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो, मित्राचा हॉस्टेलवर फोन आला. त्याच्या आधीच्या दिवाळीत मी सांगलीला गेलो होतो, त्याच्या घरासमोरून गेलो, सायकल दारात दिसली, थांबलो नाही. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्येच तीन औषधं एकत्र करून वर्षाला साडेतीनशे डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली होती, जगभर ती बातमी गाजली, पण अडतीवर हिशेब लिहिणाऱ्याला तेवढेही कुठले परवडणार होते, आणि तोपर्यंत अडतीवरची नोकरी तरी कुठे राहिली होती. एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधं मोफत द्यायला सुरुवात केली. आठ-नऊ महिने. मी हा हिशेब इतक्या वेळा केलाय की आता महिने मोजावे लागत नाहीत. मॅजिक जॉन्सन आज साठी ओलांडून ठणठणीत आहे, बेसबॉलच्या डॉजर्स टीमच्या मालकांपैकी एक आहे, त्याला टीव्हीवर हसताना बघितलं की मला मनापासून आनंद होतो आणि लगेच मी दादाचं वय मोजतो.

'जुने विरुद्ध नवे' अजून होतं. कोर्ट आता गुळगुळीत झालंय, बोर्ड काचेचे आहेत, माठाच्या जागी पाण्याचे जार असतात. मी आता जुन्यांमध्ये. या २६ जानेवारीला मी मुद्दाम पुण्याहून गेलो. नव्यांमधल्या एका पोराला माझ्यावर लावलं होतं, पंधरा-सोळाचा असेल, काटकुळा, मिसरूड फुटलेलं, आणि मला ओळखत नव्हता त्यामुळे बिचारा लाजत लांबच उभा होता, काका आहेत, लागेल वगैरे. मी दोनदा सरळ आत जाऊन लेअप टाकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या वेळी मी रेषेच्या मागे थांबलो, बॉल हाताखाली, आणि त्याला म्हणालो, "लांबनं काय बघतोस, अंगावर ये की."

त्याने एकदा बाहेर सरांकडे बघितलं. मग आला. पूर्ण आला, हात माझ्या कमरेला, घामाने ओलाचिंब हात, डोकं खाली, बरोबर कमरेकडे बघत होता, कोणी शिकवलं त्याला कोण जाणे. मी डावीकडे खांदा पाडला, तो फसला नाही. उजवीकडे निघालो तर त्याचं कोपर सणकून माझ्या बरगडीत बसलं आणि बॉल माझ्या हातातून गेला, मी वळून बघेपर्यंत तो दुसऱ्या टोकाच्या रिंगखाली पोचला होता.

"लागलं का काका?" परत येताना त्याने विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो, "असाच ये."